बंधाऱ्यावरच्या ऊस वाहतुकीला पाळी लावा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गळीत हंगाम सुरू झाला की भोगावती, कासारी, कुंभी, दूधगंगा, वेदगंगा आणि पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर (पाणी अडवण्यासाठी नदीत बांधलेल्या, वरून अरुंद वाट असलेल्या बुटक्या बांधांवर) रोज एकच प्रकार घडतो. अलीकडून दोन ट्रॉल्या भरून ऊस घेतलेला ट्रॅक्टर बंधाऱ्यावर उतरतो. पलीकडून रिकामा ट्रॅक्टर किंवा एखादी जीप आधीच निघालेली असते. मधोमध गाठ पडते आणि दोन्ही काठांवर रांगा लागतात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. पहिली ट्रॉली सरळ ठेवू गेले की दुसरी आडवी होते, कारण जोड दोन आहेत आणि ड्रायव्हरच्या हातात फक्त ट्रॅक्टरचे स्टेअरिंग आहे. म्हणून मागे सरकावे लागते ते जीपवाल्याला, आणि त्याच्या मागे चिकटून उभ्या असलेल्या पंधरा दुचाकींना, दुधाच्या टेम्पोला आणि शाळेच्या रिक्षाला. बंधाऱ्याला कठडा कुठे असतो, कुठे पुराने नेलेला असतो. अशा जागी उलटे चालत जाणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या बायाबापड्यांना विचारावे.

बंधाऱ्याच्या जागी पूल बांधा ही मागणी रास्त आहे आणि आमचाही तिला पाठिंबा आहे. पण पुलाला जागा, निधी, निविदा आणि काही वर्षे लागतात. ऊस दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला दारात उभा राहतो. बंधाराच रुंद करा असेही सुचवले जाते. बंधारा मुळात रस्ता म्हणून बांधलेलाच नाही. पावसाळ्यात पूर डोक्यावरून जावा म्हणून तो मुद्दाम बुटका ठेवलेला असतो. त्यावर स्लॅब वाढवणे, भक्कम कठडे उभारणे म्हणजे पुराच्या वाटेत अडथळा घालणे. कठड्यात झाडेझुडपे अडकतात, पाणी तुंबते आणि आधी कठडा जातो, मग कडेचा भराव. तेव्हा आहे त्या रुंदीत, आहे त्या हंगामात काय करता येईल, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

एकाच अरुंद जागेतून दोन प्रकारची वाहतूक न्यायची आणि एक जाताना दुसरीने थांबायचे, हे कोडे जगात फार पूर्वी सोडवले गेले आहे. ते सोडवले उघडणाऱ्या पुलांवर. खालून जहाज आले की पूल वर उचलायचा, तेवढा वेळ रस्ता बंद. जहाजाला चटकन थांबता येत नाही, प्रवाहात एका जागी उभे राहणे कठीण, मागे फिरणे त्याहून कठीण. रस्त्यावरची वाहने छोटी आणि पुष्कळ, त्यांना थांबणे सोपे, पण थांबली की रांग लांबते. आपल्या बंधाऱ्यावर उसाचा ट्रॅक्टर म्हणजे ते जहाज. त्यालाही थांबता येत नाही, मागे जाता येत नाही, संख्येने तो थोडा आणि जागा सगळी व्यापतो. हे साम्य वरवरचे नाही. म्हणून त्या पुलांचे नियम इथे लागू पडतात.

लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला. त्याच्यासाठी १८८५ साली झालेल्या कायद्याने नदीतल्या वाहतुकीला रस्त्यापेक्षा आधीचा मान दिला आणि तो आजही आहे. पण त्यासाठी जहाजवाल्याने २४ तास आधी लेखी कळवावे लागते. वर्षाला आठशेच्या आसपास वेळा पूल उघडतो, पैसे पडत नाहीत आणि उघडण्याच्या वेळा आधीच जाहीर असतात. १९९७ साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या गाड्यांचा ताफा पुलावरून जात होता. त्याच वेळी एका जुन्या शिडाच्या बार्जची ठरलेली वेळ झाली. पूल उघडला आणि ताफा दोन तुकड्यांत अडकला. वेळ बार्जने घेतली होती, ती तिला मिळाली. आपल्याकडे वेळापत्रक पहिल्या आठवड्यात मोडते ते ‘आपल्याच माणसाच्या’ गाडीमुळे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

अमेरिकेत पद्धत निराळी. तिथे मुळात जहाजाने भोंगा दिला की पूल लगेच उघडावा असा नियम आहे, आणि त्याला स्थानिक गरजेनुसार अपवाद करतात. सिएटलच्या कालव्यावरच्या पुलांचा अपवाद असा: सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात एक हजार टनांखालच्या नौकांसाठी पूल उघडत नाही. कामावर जायची-यायची वेळ रस्त्याची, बाकी दिवस पाण्याचा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या जलमार्गावर बरेच पूल तासाला आणि अर्ध्या तासालाच उघडतात, आणि पुढचा पूल पाव तासाने आणि पाऊण तासाने, म्हणजे बेताच्या वेगाने जाणारी नौका एकातून सुटली की पुढच्याच्या वेळेला नेमकी पोहोचते. आपत्कालीन नौकेला मात्र कुठल्याही वेळी वाट.

आणि हे सारे परदेशातलेच आहे असेही नाही. कोलकात्यात आजचा हावडा ब्रिज १९४३ साली सुरू होण्याआधी तिथे १८७४ सालचा तरंगता पूल होता. जहाजांसाठी त्याचा मधला २०० फुटांचा भाग काढून बाजूला करावा लागे. आधी तो दिवसाच उघडत, आणि तेवढा वेळ बैलगाड्या-घोडागाड्यांची कोंडी होई. १९०६ पासून मोठी सागरी जहाजे सोडून इतर नौकांसाठी तो रात्री उघडू लागले. नवे बांधकाम काही केले नाही, फक्त वेळ बदलली.

आता आपल्या बंधाऱ्याकडे येतो. सोयीसाठी दीडशे मीटरचा बंधारा धरू. नदीचे पात्र खोल, काठ उंच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उतार आणि मध्ये सपाट स्लॅब. भरलेला ट्रॅक्टर ताशी दहा किलोमीटरने स्लॅब साधारण एका मिनिटात ओलांडतो. खरी परीक्षा पलीकडच्या चढाला. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो. चढावर त्याचे ओझे मागे ओढते, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, कधी अधांतरी होतात, आणि मग स्टेअरिंग नावापुरते उरते. हा चढ चढून काठावर यायला आणखी एक मिनिट. त्याआधी समोरून आलेली वाहने बंधाऱ्यावरून पार व्हायला एक मिनिट. असा एक ट्रॅक्टर जाताना समोरची वाट तीन मिनिटे बंद.

गर्दीच्या वेळी समोरून मिनिटाला ८ वाहने येतात असे समजू, त्यांत बहुतेक दुचाकी. वाट मोकळी झाली की मिनिटाला २४ पार होतात. तीन मिनिटांत २४ वाहने थांबली. सुटल्यावर दर मिनिटाला २४ जातात पण ८ नवी येऊन मिळतात, म्हणून रांग दर मिनिटाला १६ ने घटते आणि दीड मिनिटात संपते. सगळ्यांचे थांबणे मिळवले तर ५४ वाहन-मिनिटे झाली, म्हणजे ५४ वाहनांनी एकेक मिनिट थांबावे एवढा वेळ. आता ट्रॅक्टर एकेकटे न सोडता पाठोपाठ सोडा. बंधारा रिकामा करायचे मिनिट एकदाच जाते आणि पुढच्या प्रत्येक ट्रॅक्टरला एक मिनिट जादा लागते. दोघांचा ताफा ४ मिनिटे घेतो, एकूण खोळंबा ९६, म्हणजे ट्रॅक्टरमागे ४८. तिघांना ५ मिनिटे, ट्रॅक्टरमागे ५०. चौघांना ६ मिनिटे, ट्रॅक्टरमागे पुन्हा ५४. पाचवा जोडला की ५९ च्या घरात. कारण खोळंबा बंद राहण्याच्या मिनिटांच्या वर्गाने वाढतो. वेळ दुप्पट झाली की त्रास चौपट होतो, थांबलेली वाहने दुप्पट आणि प्रत्येकाचे थांबणेही दुप्पट. म्हणून दिवसा ताफा दोन-तीनचा उत्तम, चारचा शेवटचा. रात्री अकरानंतर समोरून मिनिटाला एखादेच वाहन येते, तेव्हा आठ-दहा सोडले तरी कुणाचे काही जात नाही. प्रत्येक बंधाऱ्याची लांबी, चढ आणि गर्दी वेगळी, तेव्हा हे आकडे तिथे उभे राहून घड्याळ लावून मोजावेत. रीत मात्र हीच.

याच्या आधाराने पाळी अशी बसते. भरलेले ट्रॅक्टर तासाला आणि अर्ध्या तासाला, जास्तीत जास्त चार. परतीचे रिकामे ट्रॅक्टर पाव आणि पाऊण तासाला. सकाळी ७ ते १० आणि दुपारी साडेचार ते साडेसात या वेळेत कोणताच ऊस ट्रॅक्टर बंधाऱ्यावर नाही. शाळा-कॉलेज, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारे, संध्याकाळी डेअरीला दूध घालणारे यांची हीच वेळ. उरलेल्या १८ तासांत दर तासाला आठ म्हणजे १४४ भरलेले ट्रॅक्टर जातात. प्रत्येकी पंधराच टन धरले तरी २,१६० टन. दिवसाला २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याला यापेक्षा थोडाच जास्त ऊस लागतो, आणि कुठल्याच कारखान्याचा सगळा ऊस एका बंधाऱ्यावरून येत नाही. वेळापत्रकाने कारखाना बंद पडेल ही भीती हिशेबात टिकत नाही.

ओढणीवाल्यांचे म्हणणे वेगळे असते. खेप चुकते, खेपेवर पैसे मिळतात, सहा तास उभे राहिलो तर खायचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण ट्रॅक्टर बंधाऱ्यावर घाई करून दहा मिनिटे वाचवतो आणि कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर नंबर लावून तासन् तास उभा राहतो. वजनकाट्यावरची रांग तीच राहते. बंधाऱ्यावर वाचवलेली दहा मिनिटे अड्ड्यावर वाया जातात. म्हणून पाळी फक्त बंधाऱ्यावर लावून भागणार नाही, ती तोडणीच्या कार्यक्रमापर्यंत मागे न्यावी लागेल. चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो तेव्हाच कोणत्या फडाचा ऊस कोणत्या बंधाऱ्यावरून आणि कोणत्या पाळीला जाईल हे त्याच्या वहीत असावे. तोड पहाटे लवकर संपणाऱ्या फडाचा ट्रॅक्टर सातच्या आत पार व्हावा, दुपारी भरणाऱ्याने साडेसातनंतर निघावे. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर वजन आणि उतारा (उसातून निघणारी साखर) दोन्ही घटतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तीन तास फडात थांबणे आणि तीन तास अड्ड्यावर थांबणे यात उसाला काही फरक पडत नाही. शाळेच्या मुलांना पडतो. आपल्या शेतकऱ्याला पाळी नवी नाही. कालव्याचे पाणी पाळीने येते, नदीवर उपसाबंदी लागली की मोटारी ठरल्या दिवशीच चालतात. पाण्यासाठी पाळतो ते रस्त्यासाठीही पाळता येईल.

वेळापत्रक कागदावर सोपे, बिघडते ते काठावर. पहिली चूक थांबण्याच्या जागेची. ट्रॅक्टर उतारावर थांबवला तर तो पुढे रेटत राहतो, चढावर थांबवला तर मागे येतो. मग ड्रायव्हर खाली उतरून चाकाला दगडाची उटी लावतो, पाळी आली की ट्रॅक्टर काढतो आणि दगड तिथेच राहतो. रात्री त्याच दगडावर दुचाकी जाते. नारळाएवढा तो दगड, धुळीने रस्त्याच्याच रंगाचा झालेला, दिव्याच्या उजेडातही शेवटच्या क्षणी दिसतो. म्हणून थांबा काठाच्या वर, सपाट जागी असावा. उतार सुरू होण्याच्या किमान पन्नास मीटर आधी, चार ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला मावतील एवढा मुरूम टाकून केलेला. दोन ट्रॉल्यांसह एकेक गाडी सोळा-अठरा मीटर धरली तर ऐंशी मीटर लांबी लागते. जागा नसेल तर तीनचाच ताफा. लाकडी उट्या दोरीने ट्रॉलीलाच बांधलेल्या असाव्यात, म्हणजे मागे राहत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे बंधारा खरोखर रिकामा झाला की नाही हे न पाहता सोडणे. डिसेंबर १९५२ मध्ये टॉवर ब्रिजवर एक दुमजली बस असताना पूल उचलायला सुरुवात झाली, कारण गेटवरच्या माणसाने इशाराही दिला नाही आणि गेटही लावले नाही. ड्रायव्हरने वेग वाढवून बस पलीकडच्या भागावर उडवून नेली म्हणून लोक वाचले. इतकी व्यवस्था असलेल्या पुलावर हे घडते, तर आपण अंदाजावर विसंबून कसे चालेल? त्यावरचा उपाय एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी होता तोच. टोकन हातात असल्याशिवाय गाडी सुटत नसे आणि टोकन एका वेळी एकच बाहेर निघे. बंधाऱ्यावर एकच लाल झेंडा ठेवा. झेंडा ज्या काठावर, त्याच काठावरून ट्रॅक्टर सुटतील. ताफ्यातल्या शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात तो द्यायचा. पलीकडच्या माणसाच्या हाती झेंडा आला म्हणजे सगळे पार झाले, मोजत बसायची गरज नाही. पाव तासाला रिकामे ट्रॅक्टर तोच झेंडा घेऊन परत येतात. परतीला कुणी नसेल तर काठावर नेमलेल्या राखणदाराने दुचाकीवरून आणावा. दुसरा झेंडा ‘अडचणीसाठी’ म्हणून कधीही ठेवू नये. दोन झेंडे झाले की त्या दिवसापासून एकही नाही असे समजावे.

प्रत्येक काठावर असा एक राखणदार लागतो, दिवसाच्या तीन शिफ्टमध्ये मिळून सहा. मोबाइलवर विसंबू नये, पात्रात रेंज जाते. शिट्टी पुरते. अमेरिकेतल्या पुलांवर भोंग्याची भाषा ठरलेली आहे: एक लांब आणि एक आखूड म्हणजे ‘उघडा’, तसेच उत्तर आले की ‘उघडतो’, पाच आखूड म्हणजे ‘आता जमणार नाही’. तीच शिट्टीवर वापरावी. पण शिट्टी ऐकू यायला हवी. उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप पंचक्रोशीला ऐकू जातो आणि ड्रायव्हरला मागची ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही. थांब्याच्या पाटीवर पहिली ओळ ‘टेप बंद’ अशी असावी. पाटी मोठ्या अक्षरांत आणि घड्याळाच्या चित्रासह असावी, कारण पुष्कळ ऊसतोड टोळ्या आणि ड्रायव्हर मराठवाड्यातून येतात. त्यांना इथले रस्ते, चढ, शाळेच्या वेळा माहीत नसतात, आणि अपघात झाला की दोष मात्र त्यांच्या माथी मारला जातो.

तिसरी गोष्ट सांडलेल्या उसाची. चढावर ट्रॉली हिसका घेते, वरच्या मोळ्या घसरतात, मागच्या चाकांखाली त्यांचा चोथा होतो. ओला चोथा आणि वाडे (उसाचे हिरवे शेंडे) स्लॅबवर पसरले की दुचाकी घसरायला पाऊस लागत नाही. प्रत्येक ताफ्यानंतर राखणदाराने खराटा मारावा. काम दोन मिनिटांचे आहे, आणि वाट मोकळी होताच पहिल्यांदा सुटते ती दुचाकीच. ट्रॉलीच्या कडेबाहेर किंवा ठरल्या उंचीपेक्षा वर ऊस भरलेला असेल तर त्या ट्रॅक्टरला पाळी मिळणार नाही, एवढा अधिकार राखणदाराला असावा. मागे लाल रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला सूर्यास्तानंतर पाळी नाही. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी पहाटे दाट धुके असते. पलीकडचा काठ दिसत नसेल तर पाळी रद्द, धुके विरल्यावर पुढची.

ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस यांच्यासाठी पाळी मोडायचीच. त्यांची खबर आली की पाच आखूड शिट्ट्या, आणि थांब्यावरचा ट्रॅक्टर थांब्यावरच. दुधाच्या टेम्पोला सवलत द्यावी असे आमच्यातल्या काहींचे मत होते. आमचा निर्णय उलटा आहे. टेम्पो तसाही छोट्या वाहनांच्या रांगेत जातो, त्याला वेगळा नियम केला की उद्या भाजीचा टेम्पो येईल, परवा खडीचा डंपर. अपवाद जितके थोडे तितके वेळापत्रक टिकते.

हंगामाच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट आड येते. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवायचे काम निघते. खांबांच्या खाचांतून बरगे एकावर एक उतरवायचे, जुन्या पद्धतीत दोन ओळींमध्ये माती ठासायची, गळती पाहायची. हे सगळे वरच्या स्लॅबवरूनच होते. बरगे स्लॅबवर कडेने रचलेले असतात आणि आधीच अरुंद असलेली वाट निम्मी होते. त्याच आठवड्यात कारखान्याचे बॉयलर पेटतात. बरगे घालण्याचे दिवस पाटबंधारे खात्याने किमान २४ तास आधी लेखी कळवावेत. कारखान्याचे गट ऑफिस, ग्रामपंचायत आणि एसटी आगार या तिघांना. त्या दिवशी त्या बंधाऱ्यावर ऊस वाहतूक नको. बरगे बसवताना गाळ्याच्या तोंडाशी माणसे वाकलेली असतात आणि शेजारून वीस टन जात असतो, हे दृश्य दर वर्षी दिसते.

हे करायचे कोणी, इथे सगळे अडते. बंधारा जलसंपदाचा, त्याला जोडणारा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा, वाहतूक पोलिसांची, ऊस कारखान्याचा. चौघांपैकी प्रत्येकाला वाटते की काम उरलेल्या तिघांचे. कायदा मात्र आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना ठरावीक वेळी मनाई करता येते. मनाई एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना नीट कळवले की पुरते. म्हणजे प्रयोगाला कागदपत्रांचे निमित्त पुढे करता येणार नाही. अमेरिकेतही पुलाचे नवे वेळापत्रक कायम करण्याआधी ते १८० दिवसांपर्यंत तात्पुरते लावून पाहता येते, लोकांच्या हरकती घेता येतात. आपल्याला इतके दिवस नकोत. जड वाहनांना मुळातच बंदी असलेले बंधारे सोडून, जिथे ऊस वाहतूक चालू आहे अशा एकाच बंधाऱ्यावर पंधरा दिवस करून पाहावे. माणसांचा पगार त्या वाटेने ऊस नेणाऱ्या कारखान्यांनी टनांच्या प्रमाणात वाटून द्यावा. टनामागे पडणारी रक्कम नगण्य आहे.

त्या पंधरा दिवसांत दोन्ही काठांवर एकेक वही ठेवावी. रकाने पाचच: पाळीची वेळ, ताफ्यातले ट्रॅक्टर, वाट बंद झाल्याची वेळ, उघडल्याची वेळ, उघडताना रांगेत उभी वाहने. दुचाकी वेगळ्या मोजाव्यात, कारण त्या रुंदीने कमी आणि संख्येने जास्त. पहिले तीन दिवस जुन्याच पद्धतीने जाऊ देऊन नुसते मोजावे, चौथ्या दिवसापासून पाळी लावावी. पुढची पाळी सुरू होताना मागची रांग संपलेली नसेल तर ताफ्यातला एक ट्रॅक्टर कमी करावा. सलग दोन दिवस रांग लवकर संपत असेल तर सकाळची बंदी दहाऐवजी साडेनऊला उठवून पाहावी. बाजाराच्या दिवशी वेगळे आकडे येतील, त्या दिवसाचे पान वेगळे ठेवावे. सोळाव्या दिवशी त्या वह्या घेऊन जलसंपदा, पोलीस, कारखाना आणि दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींनी बंधाऱ्यावरच, थांब्याच्या जागी बसावे, आणि पाळी चालू असताना बसावे.

आपले,
ऊस ओढणी आणि रस्ते वाहतुकीच्या कामातले काही वाचक,
करवीर, जि. कोल्हापूर